ऊसतोडीच्या चित्रकथेतली माझी पात्रं: चुका दाखवा, कशा सुधारू ते सांगा

पाचट | शनिवार, रात्री ९.१०

नमस्कार. इथं बरेच दिवस नुसती वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ.

एक चित्रकथा काढायला घेतलीय, चाळीसेक पानांची होईल. ऊसतोडीला गेलेल्या मायलेकींची गोष्ट आहे. आई रुक्मा, पस्तिशीची. लेक गोदा, अकरा वर्षांची. मी धारूरकडची. माझे आईवडील सोळा वर्षं कोयत्यावर जात होते, त्यामुळं गोष्ट कुठून शोधावी लागली नाही. कोपी (आमची झोपडी), फड (तोडीचं उसाचं शेत), मुकादम (टोळी नेणारा), उचल (आगाऊ घेतलेले पैसे), सगळं लहानपणी बघितलेलंच आहे.

तीन चित्रं जोडलीत. पहिल्यात रुक्मा भर दुपारी डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रककडं चालली आहे. दुसऱ्यात तिचेच सहा चेहरे आहेत: हसू, राग, भीती, थकवा, रडू आणि गप्प. तिसऱ्यात गोदा कोयता हातात घेऊन कोपीपुढं उभी आहे.

फोनवर इबिसपेंट या चित्रांच्या ॲपमध्ये काढते, कधी बोटानं, कधी साध्या स्टायलसनं. चेहरे बरे जमतात असं मैत्रिणी म्हणतात. पण अख्खा माणूस काढला की तो कागदातून कापून चिकटवल्यासारखा दिसतो. चुकतंय एवढं कळतं, काय चुकतंय ते दिसत नाही. छान वाटलं तर तसं जरूर लिहा, पण सोबत एक तरी चूक सांगा.

मांजराकाठ | शनिवार, रात्री ९.३४

विषयच काळजाला लागला. रुक्माचा 'गप्प' चेहरा सगळ्यात आवडला. चूक सांगण्याएवढं मला चित्रातलं कळत नाही, पण पुस्तक झालं की मी घेणार.

खडूफळा | शनिवार, रात्री १०.०५

मी लातूर जिल्ह्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांच्या वह्या तपासण्यात आयुष्य गेलं. त्यातून एक सवय लागली: आधी विचारायचं, मग बोलायचं. म्हणून पाचट, चार गोष्टी सांग.

पहिल्या चित्रात बघणाऱ्याला आधी काय जाणवावं असं तुला वाटत होतं? ओझं, रुक्माचा कणखरपणा, की दुपारचं ऊन? चित्र कशावरून काढलंस, फोटो, आठवण की दुसऱ्या कुणाची चित्रं? हे छापायचं आहे की फोनवरच वाचायचं? आणि तुझ्या चित्रावर मी लाल रेघांनी दुरुस्ती करून दाखवली तर चालेल का? काही मुलांना ते आवडत नाही आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. चित्र तुझं आहे.

पाचट | शनिवार, रात्री १०.२२

सर, लाल रेघा जरूर मारा.

ओझं जाणवावं असं वाटत होतं. पण आता तुम्ही विचारल्यावर बघितलं तर ओझं सोडून बाकी सगळं दिसतंय. फोटो घेतला नाही. पोज एका परदेशी चित्रमालिकेतल्या उभ्या मुलीची आहे, तिच्या डोक्यावर मोळी ठेवली. छापायचं आहे, जमलं तर.

खडूफळा | रविवार, सकाळी ७.४०

तुझ्या उत्तरातच अर्धं निदान आहे. डोक्यावर काहीच नसलेल्या मुलीचं अंग घेतलंस आणि वर मोळी ठेवलीस. त्या मोळीची बातमी अंगाला लागलेलीच नाही.

ओल्या उसाची मोळी किती जड असते ते तू माझ्याहून चांगलं जाणतेस. तेवढं वजन डोक्यावर असेल तर ते मानेतून, मणक्यातून, कमरेतून उतरत ज्या पायावर भार आहे त्या टाचेपर्यंत जातं. ही वाट चित्रात सापडली पाहिजे. मी लाल रेघ मारली आहे ती बघ. मोळीच्या मधोमध एक बिंदू धरला आणि तिथून सरळ खाली ओळंबा सोडला. गवंडी भिंतीला लावतो तसा. तो ओळंबा रुक्माच्या दोन्ही पायांच्या पुढं, जवळपास वीतभर बाहेर पडतोय. म्हणजे तुझी रुक्मा पुढच्या क्षणी तोंडावर पडणार. आपल्याला शास्त्र माहीत नसलं तरी डोळ्याला हे कळतं, म्हणूनच तुला ती चिकटवल्यासारखी दिसते. ओळंबा पावलांच्या मध्ये आण, निम्मं चित्र तिथंच सुधारेल.

दुसरं, तिनं उजवा हात वर करून मोळी धरली आहे, पण खांदा होता तिथंच आहे. हात खांद्याच्या वर गेला की गळ्याचं हाड आणि पाठीचं फळ्यासारखं हाड दोन्ही सोबत उचलली जातात. त्या बाजूची मान आखूड दिसते, काख उघडते, पदर काखेपासून विरुद्ध कमरेकडं ताणला जातो. आरशासमोर उभी राहून हात वर कर आणि दुसऱ्या हातानं गळ्याचं हाड चाचपून बघ.

उंचीचंही बघू. तुझी रुक्मा मोजली तर नऊ डोक्यांची आहे, म्हणजे तिच्या उंचीत तिचं डोकं नऊ वेळा मावतं. मोठी माणसं साधारण सात ते साडेसात डोक्यांची असतात. आठ डोकी म्हणजे आदर्श आकृतीचं प्रमाण झालं. नऊ डोक्यांत पाय इतके लांब झालेत की वजन त्यांच्यातून खाली उतरताना दिसतच नाही. उलट गोदा म्हणजे रुक्माच लहान करून ठेवलेली आहे. अकरा वर्षांची पोर सहा-साडेसहा डोक्यांची धर. लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं. नुसती उंची कमी केली की मूल होत नाही, लांबून बघितलेली बाई होते.

आणि एक. दोन्ही चित्रांत पावलं पाचटात, उसाच्या वाळक्या पानांत, लपवलीस. एकदा उघडी काढ. नंतर हवी तर झाक.

बालाघाट | रविवार, सकाळी ९.१५

ताई, मला चित्रातलं काही कळत नाही. पण माझ्या घरची माणसं अजून जातात तोडीला, म्हणून सांगतो.

चुंबळ कुठंय? मोळी उघड्या डोक्यावर कुणी घेत नाही. पदराची नाहीतर फडक्याची चुंबळ लागतीच. दुसरं, तुमच्या रुक्मानं नुसती साडी-चोळी घातलीय. फडात बाया साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालत्यात, नाहीतर पात्यानं हात चिरत्यात. शर्टाची बटणं खालपर्यंत लावलेली नसत्यात. साडी गुडघ्याच्या खालपर्यंत वर खोचलेली असती. मोळी बांधायला दोरी दाखवलीय, पण आमच्याकडं वाढ्यानं, म्हणजी उसाच्या शेंड्याच्या पाल्यानंच बांधत्यात. आन मोळी फळीवानी सरळ नसती, चालताना दोन्ही टोकं खाली-वर हिंदकळत्यात.

गोदाच्या हातातला कोयता स्वयंपाकघरातल्या सुरीवानी धरलाय. लहान पोरंसोरं वाढं गोळा करत्यात, मोळीला उसं पुरवत्यात. कोयता हातात आलाच तर मूठ पार मागं धरत्यात.

वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही आमचं काढायलाव म्हणून एवढं बोललो.

पाचट | रविवार, सकाळी ९.४८

दादा, वाईट कशाचं वाटतंय. शर्टाचं वाचून कसंतरीच झालं. माझ्या आईचा निळ्या रेघांचा शर्ट मला अजून आठवतो, बाही तोंडाला लागली की घाम आणि रसाचा वास यायचा. आणि चित्र काढताना तो माझ्या डोक्यातच आला नाही. कारण मी आईला बघून काढतच नव्हते.

स्केचपेन | रविवार, सकाळी ११.०२

थोडं वेगळं मत मांडतो. मी नांदेडचा, स्वतः ॲनिमे पद्धतीची चित्रं काढतो. लांब पाय, मोठे डोळे, बारीक कंबर हा त्या शैलीचाच भाग आहे. नवीन कलाकाराला लगेच वास्तवाच्या मापानं मोजलं तर तिची शैली मरते. सर, तुमचा अनुभव मोठा आहे, पण शाळेतलं रेखाचित्र आणि चित्रकथा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खडूफळा | रविवार, दुपारी १२.३०

स्केचपेन, तुमचा मुद्दा मला पटतो. माझ्या पिढीतल्या पुष्कळ शिक्षकांनी मुलांच्या वहीतली मोठ्या डोळ्यांची चित्रं 'हे कॉमिक आहे' म्हणून बाजूला सारली. मीही सारली आहेत, आणि त्यातल्या दोन-तीन मुलांची मला आजही आठवण येते.

पण शैली आणि तोल एकमेकांच्या आड येत नाहीत. चित्रं दाखवून गोष्ट सांगणाऱ्या चित्रकथींची पैठणची जुनी चित्रं बघा. सगळे चेहरे एका बाजूनं, डोळे केवढाले, शरीराची मापं वास्तवाशी जुळत नाहीत. तरी कुणी धनुष्य ओढत असेल तर ती ओढ खांद्यात दिसते. तुम्ही म्हणता त्या जपानी पद्धतीतही चांगला चित्रकार बारीक कंबरेच्या मुलीच्या हातात जड तलवार देतो तेव्हा तिचं अख्खं अंग त्या तलवारीच्या विरुद्ध बाजूला कलतं.

म्हणून मी पाचटला एवढंच विचारेन: लांब पाय तुला हवे होते, की आपोआप आले? हवे असतील तर ठेव, मी त्यावर एक शब्द बोलणार नाही. तेव्हा आपण लांब पायांवर ओझं कसं दाखवायचं ते बोलू.

पाचट | रविवार, दुपारी १२.४१

आपोआप आले सर. डोळे मात्र मला मोठेच हवे आहेत. गोदाचे तर फारच.

स्केचपेन | रविवार, दुपारी १२.५५

मग माझं काही म्हणणं नाही. डोळे मोठे ठेवायचे असतील तर एक सांगतो: दोघींचे डोळे एकाच साच्याचे आहेत. मोठ्या डोळ्यांच्या शैलीत पात्रं ओळखू येतात ती भुवया, पापण्यांचा कल आणि चेहऱ्याचा आकार यांवरून. रुक्माच्या वरच्या पापणीचा बाहेरचा कोपरा थोडा खाली उतरव, थकलेली दिसेल. गोदाचा वर ठेव. मग दोघींना काळ्या सावलीसारखं भरून बघ. नुसत्या बाह्यरेषेवरून कोण कोणती ते कळलं पाहिजे. आत्ता कळत नाही.

गेरू | रविवार, दुपारी ४.१०

मी संभाजीनगरची, पोर्ट्रेटची कामं करते. मला रंगाबद्दल बोलायचं आहे आणि जरा सविस्तर बोलणार आहे, कारण या चित्रांत मला सगळ्यात जास्त तेच खटकलं.

रुक्मा गोरी आहे. तू मुद्दाम तसं केलं नसशील. ॲपच्या पॅलेटमध्ये 'त्वचा' म्हणून जे रंग समोर येतात ते बहुतेक फिकट पीच असतात, त्यातला त्यातल्या त्यात गडद तू उचललास आणि सावलीसाठी त्यात काळा मिसळलास. त्यामुळं दोन गोष्टी झाल्या. दिवसभर उन्हात ऊस तोडणारी बाई उन्हात कधी गेलेलीच नाही असं वाटतंय, आणि सावल्या राखाडी, मळक्या झाल्यात.

मूळ रंगच गडद तपकिरी घे. भिजलेल्या लाल मातीच्या जवळचा. सावलीकडं जाताना काळ्याकडं जाऊ नकोस, रंगचक्रावर थोडी लालसर-जांभळ्याकडं सरक. उजेड आणि सावली जिथं भेटतात तिथं रंग थोडा जास्त चढा ठेव. मल्टिप्लाय लेयर (खालचा रंग गडद करणारा थर) वापरत असशील तर त्यात राखाडी भरू नकोस, फिकट जांभळा किंवा विटकरी भरून बघ, फरक लगेच दिसेल.

गडद त्वचेत आणखी एक गोष्ट असते. गोऱ्या चेहऱ्याचा आकार आपण सावलीनं दाखवतो. गडद चेहऱ्याचा आकार मुख्यतः चमकेनं कळतो: नाकाचा दांडा, गालाचं हाड, खालचा ओठ, हनुवटी, गळ्याचं हाड. घाम असेल तर आणखीच. अजिंठ्याला पहिल्या लेण्यात गेलीस तर बोधिसत्त्व पद्मपाणीच्या आजूबाजूच्या सावळ्या आकृत्या शोध. त्या चित्रकारांनी गडद चेहऱ्यावर नाकावर, हनुवटीवर उजळ रंग ठेवून उठाव आणलाय. तिथं गडद वर्णाच्या स्त्रिया कोपऱ्यात टाकलेल्या नाहीत, मोत्यांच्या माळा घालून नजरेत भरतात. मी त्यांच्यापुढं बराच वेळ उभी राहिले होते, कारण शाळेत मला माझ्यासारख्या रंगाची बाई रंगवायला कुणी शिकवलंच नव्हतं.

आता उजेड. दुपार आहे असं तू म्हणतेस, सूर्य डोक्यावर. मग रुक्माचा चेहरा उजळ कसा? तिच्या डोक्यावर हात-दोन हात रुंद मोळी आहे. तिची सावली पूर्ण चेहऱ्यावर आणि छातीपर्यंत पडणार. उजेड असेल तो मोळीच्या वरच्या बाजूवर, बाहेर आलेल्या कोपरावर, पुढं टाकलेल्या गुडघ्यावर. आणि चेहरा? त्यावर खालून उजेड येईल. फडात पिवळंफटक वाळलेलं पाचट पसरलेलं असतं, त्यावर ऊन पडून ते उलटं वर येतं. हनुवटीच्या खाली, गालाच्या खालच्या भागावर, भुवईच्या खालच्या कडेवर हलका पिवळा उजेड दे. हे एवढं केलंस तर मोळी डोक्यावर चिकटवलेली वाटणार नाही, कारण ती आता चेहऱ्यावर सावली पाडते आहे. तुझं नाव पाचट आहे म्हणून हे लिहिताना मला फार बरं वाटलं.

तपासायला सोपी युक्ती: सगळ्यात वर एक लेयर घे, काळा भर, ब्लेंड मोड 'कलर' कर. चित्र करडं होईल. त्यात रुक्मा आणि मागचा ऊस एकाच करड्यात बुडालेत हे तुला दिसेल. मागचा ऊस फिकट करून रुक्मा पुढं आण.

बालाघाट | रविवार, दुपारी ४.३५

गेरूताई, उजेड खालून येतो हे वाचून मी आत्ता बांधावर जाऊन बघून आलो. खरंच येतो.

क्रिटावाली | रविवार, रात्री ८.२०

चेहऱ्यांच्या पानावर कुणी बोललं नाही म्हणून मी बोलते. सहाही चेहऱ्यांत डोक्याचा आकार आणि कोन तोच आहे, फक्त भुवया आणि तोंड बदललंय. ते मुखवटे बदलल्यासारखं दिसतं. खरं हसू आलं की गाल वर चढतात, खालची पापणी वर ढकलली जाते, डोळा थोडा बारीक होतो. तुझ्या हसणाऱ्या रुक्माचे डोळे टक्क उघडे आहेत, म्हणून ती फोटोसाठी हसल्यासारखी वाटते. रागात नाकपुड्या फुगतात, मान पुढं येते. भीतीत मान मागं जाते. थकव्यात डोकं एका बाजूला कलतं आणि खांदे पडतात. म्हणजे भाव मानेपासून सुरू कर. तुझा 'गप्प' चेहरा सगळ्यांना आवडतोय, तो एकच तू थोडा खाली झुकवलास म्हणून.

चित्र आडवं उलटून बघतेस का? इबिसपेंटमध्ये कॅनव्हास फ्लिप करता येतो. मी संगणकावर क्रिटा या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते, तिथं 'एम' दाबलं की दृश्य आरशातल्यासारखं उलटतं. पाच मिनिटांनी एकदा उलटायचंच. आपला डोळा चुकीला सरावतो, उलटलं की ती परकी होऊन समोर येते. मी तुझे चेहरे उलटून बघितले, सहाही ठिकाणी उजवा डोळा वर चढलाय.

छापायचं असेल तर कॅनव्हासचं आत्ताच बघ. तुझं चित्र हजार बाय हजार पिक्सेलचं दिसतंय. ए-फोर पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) छापायचं तर २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. फोन एवढ्या मोठ्या फाइलला लेयर कमी देईल, तेव्हा रेषा झाल्या की रंगाचे लेयर एकत्र करत जा. चाळीस पानं झाल्यावर हे कळलं तर रडू येईल. माझं तसं झालं होतं, बारा पानं पुन्हा काढली.

तेरणा | रविवार, रात्री ९.०५

मी चित्रकार नाही, पण एक काळजी वाटते म्हणून लिहितेय. एका दिवसात पोरीला तोल, प्रमाण, कपडे, डोळे, रंग, उजेड, भाव आणि फाइल एवढं सांगून झालं. सगळं खरंच आहे. पण माझी मुलगी कथक शिकायची, तेव्हा तिच्या गुरू एका दिवशी एकच गोष्ट सुधारायच्या, बाकीच्या चुका दिसत असूनही गप्प राहायच्या. पाचट, हे सगळं वाचून हात थांबला असेल तर तसं सांग.

पाचट | रविवार, रात्री ९.३०

काकू, दुपारी थांबला होता. खोटं कशाला बोलू. फोन पालथा ठेवून झोपले तासभर.

उठल्यावर सगळं वहीत लिहून काढलं आणि सरांचा ओळंबा एवढंच आज करायचं ठरवलं. बाकी भिंतीला चिकटवलंय.

खडूफळा | रविवार, रात्री ९.४५

तेरणाताईंचं बरोबर आहे, मी घाई केली. पाचट, आता माझ्याकडून एवढंच: रंग नको, चेहरा नको, कपडे नकोत. अंगठ्याएवढ्या चौकटीत काठीची माणसं काढ, वीस. प्रत्येकाच्या डोक्यावर एक आडवी रेघ, म्हणजे मोळी. प्रत्येकात वजन कुठल्या पायावर आहे ते ठरव. त्या पायाकडची कंबर वर जाईल. एरवी, मोकळ्या उभ्या अंगात, त्या बाजूचा खांदा खाली येतो. पण डोक्यावर ओझं असताना चालणारी बाई खांदे आणि मान शक्य तेवढी स्थिर ठेवते, हिंदकळणं सगळं कमरेखाली होतं. हा फरक वीस चित्रांत तुला हाताला लागेल.

बीड जिल्ह्यातच धर्मापुरीचं केदारेश्वराचं मंदिर आहे. बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरी, म्हणजे कोरलेल्या स्त्रीमूर्ती, आहेत. कधी गेलीस तर वही घेऊन जा आणि दागिने सोडून फक्त कंबर आणि खांदा यांच्या तिरक्या रेघा काढून आण.

पाचट | बुधवार, रात्री १०.५०

वीस नाही, चौतीस काढली. त्यातली एक मोठी करून नवीन रुक्मा जोडते आहे, नुसत्या रेषांची. साडेसात डोकी. चुंबळ आहे, शर्ट आहे, मोळी वाढ्यानं बांधलीय आणि टोकं झुकलीत. पावलं उघडी आहेत.

एक सांगायचं होतं. हे चित्र आईला दाखवलं. पहिलं कधी दाखवलंच नव्हतं, काय म्हणेल म्हणून. तिनं फोन लांब धरून बघितलं आणि म्हणाली, "हिची नजर खाली कामून आहे? खाली बघितलं की मोळी पुढं जाती. समोर बघायचं, पायाला वाट ठावं असती." मग उठली, रिकामी पाटी डोक्यावर ठेवून घरातल्या घरात चालून दाखवली. गुडघे पूर्ण सरळ होतच नव्हते तिचे. पावलं आखूड आणि भरभर पडत होती. मी व्हिडिओ काढून घेतला. आता चालीची तीन चित्रं त्यावरूनच काढणार.

खडूफळा | गुरुवार, सकाळी ६.५५

ओळंबा दोन्ही पावलांच्या मधोमध पडतो आहे. मी मोजला.

आईंनी नजरेचं सांगितलं ते मला सुचलं नसतं. हनुवटी किंचित आत घे, नजर समोर. मानेच्या मागचा भाग लांब दिसेल.

आता फक्त हात. मोळी धरलेल्या हाताची बोटं तू एकेक करून काढलीस, म्हणून ती पाच वेगळ्या काड्या झाली आहेत. आधी तळव्याचा एक चौकोन काढ, त्याला चार बोटांचा मिळून एक पंख्यासारखा तुकडा, अंगठ्याचा वेगळा त्रिकोण. पकड जमली की मगच बोटं वेगळी कर. हाताची लांबी हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत असते. तुझा हात त्याच्या निम्मा आहे. कष्टाचा हात आहे, थोडा मोठाच काढ.

क्रिटावाली | गुरुवार, सकाळी १०.१२

रेषा सगळीकडं एकाच जाडीची आहे. मोळीच्या खालची कड, टाचेखालची, काखेतली रेषा जाड कर. उजेडाकडच्या रेषा बारीक, एखाद-दुसरी तुटली तरी चालेल. स्टॅबिलायझर (हाताची थरथर काढणारी ॲपमधली सोय) तू फार वर ठेवला असशील, रेषा काचेसारखी गुळगुळीत येते आहे. थोडा कमी कर. शर्टाच्या चुण्यांना ते थरथरणं हवं.

गेरू | गुरुवार, दुपारी १.३०

आधीच्या आणि आताच्या रुक्मा शेजारी ठेवून बघितल्या. ही बाई मला ओळखीची वाटते. रंग भरशील तेव्हा आधी मूळ रंग दाखव, सावल्यांच्या आधी.

पाचट | शुक्रवार, रात्री ११.१५

हात तीनदा काढला, आता बरा वाटतोय. शनिवारी रंग भरते.

पुढच्या पानाबद्दल आत्ताच विचारून ठेवते. त्यात रात्रीची भरणी, म्हणजे ट्रकमध्ये ऊस भरणं, आहे. ट्रक फडात उभा, मागून दुसऱ्या गाडीचे दिवे लागलेत आणि रुक्मा फळीवरून मोळी घेऊन वर चढते आहे. गोदा खाली उभी राहून बघते. इतक्या अंधारात पात्रं ओळखू कशी येतील? सगळं निळं करू का?

बालाघाट | शनिवार, सकाळी ८.००

निळं कशाला ताई. जुन्या गाडीचा दिवा पिवळा असतो, आन त्यात धूळ आन पाचटाचा भुगा उडालेला दिसतो. दिव्याच्या बाहेर पार काळं. फळी वाकती चढताना, ते दाखवा. आन चढताना बाई पुढं झुकती थोडी, सपाटीवर चालल्यावानी ताठ नसती.

गेरू | शनिवार, सकाळी ९.२०

उजेड एकच आहे, तो मागून आणि खालच्या बाजूनं येतो आहे. म्हणून रुक्माचा पुढचा भाग जवळपास काळाच ठेव. कडेला फक्त पिवळी रेघ: शर्टाची बाही, कोपर, चुंबळीची कड, टाच. स्केचपेननी सांगितलेली काळ्या आकृतीची कसोटी इथं खरी कामाला येईल. चेहरा दिसायला हवा असेल तर तो गोदाचा दिसू दे. ती दिव्याकडं अर्धवट वळलेली ठेव, मोठे डोळे आहेतच.

खडूफळा | शनिवार, सकाळी ९.५०

आणि दिवे खाली असल्यानं रुक्माची सावली तिच्याहून मोठी होऊन ट्रकच्या फळकुटांवर पडेल, मोळीसकट. ती आधी पेन्सिलनं आखून घे, मग माणसं बसव.